प्रश्न श्रद्धावंतांना होता

मध्यंतरी एका ऑनलाइन चर्चेत एका बाईंनी एक प्रश्न विचारला होता. त्यांची आई नुकतीच गेली होती. लिहिणं अगदी साधं होतं, कुठे उमाळा नाही की तक्रार नाही. ‘ज्यांची देवावर श्रद्धा आहे त्यांनाच विचारते आहे’ अशी सुरुवात करून त्यांनी लिहिलं होतं, की आई आजारी असताना त्या रोज प्रार्थना करत. ती गेल्यावरही वेळ झाली की हात आपोआप जोडले जातात, शब्द ओठांवर येतात. पण पूर्वी पलीकडे कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं, ते आता वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? झालं असेल तर ते वाटणं परत आलं का? एवढंच विचारून त्यांनी थांबवलं होतं. खाली उत्तरांची रांग लागलेली. पहिलं उत्तर ‘मी स्वतः देव मानत नाही, पण’ असं सुरू होत होतं. दुसरं जवळपास तसंच. पुढच्या एकाने दुःखात मेंदू कसा वागतो ते समजावलं होतं, एकाने समुपदेशकाकडे जायचा सल्ला दिला होता. आणखी एकाने फार हळुवारपणे लिहिलं होतं, की पलीकडे कुणी नव्हतंच हे तुम्हाला आता जाणवायला लागलंय, त्याला घाबरू नका, आम्ही बरेच जण त्यातून गेलोय. बरंच खाली गेल्यावर एका श्रद्धावंताचं उत्तर सापडलं: ‘देव तुमच्या पाठीशी आहे’, आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

उत्तरं वाईट नव्हती, हे आधी सांगायला हवं. त्यांत कुणी त्या बाईंना हिणवलं नव्हतं. उलट नास्तिकांनी वेळ काढून, त्यांचं दुःख समजून घेऊन लिहिलं होतं, आणि जोडलेल्या हातांपेक्षा त्यांच्या परिच्छेदांत जास्त माया होती. तरीही ती रांग माझ्या मनातून जाईना. ज्यांना विचारलं होतं ते बोलले नाहीत, आणि ज्यांना विचारलं नव्हतं ते भरभरून बोलले. धर्माविषयीच्या ऑनलाइन चर्चा मी बरीच वर्षं वाचते आहे. विषय प्रार्थनेचा असो, उपवासाचा, पापपुण्याचा किंवा मरणानंतरच्या आयुष्याचा, थोड्या वेळात बोलणाऱ्यांत देव न मानणारेच जास्त दिसायला लागतात. अनेकांच्या हे लक्षात आलेलं असतं. श्रद्धावंत वैतागून विचारतात, देवच नाही म्हणता तर त्याच्याविषयी एवढं बोलता कशाला? नास्तिकांचं म्हणणं असतं की विचार करणारी माणसं आमच्याकडे जास्त, म्हणून चर्चेतही आम्ही जास्त. ही दोन्ही उत्तरं मला घाईची वाटतात.

मी देव मानते. त्या बाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.

माझा भाऊ गेला त्यानंतर माझी प्रार्थनाही अशीच कोरडी पडली होती. शब्द तेच, वेळ तीच, आणि म्हणून झालं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटे. कधीतरी, कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही, ती परत आली. पण पूर्वीची आली नाही. पूर्वी माझ्या प्रार्थनेत मागणं असे. हे बरं होऊ दे, ते टळू दे, याला सांभाळ. परत आली तेव्हा मागणं गळून गेलं होतं आणि नुसती हजेरी उरली होती. मी आहे, तू आहेस, एवढंच. चार ओळींत लिहून झालं असतं. उत्तराच्या चौकोनात कर्सर लुकलुकत होता, मी पहिलं वाक्य लिहिलंही, आणि मग ते वाक्य तिथे, त्या उत्तरांच्या खाली कसं दिसेल ते डोळ्यांपुढे आलं. मेंदूच्या शास्त्राचा सविस्तर परिच्छेद, त्याखाली समुपदेशनाचा सल्ला, आणि त्याखाली माझं ‘मी आहे, तू आहेस’. कुणीतरी सभ्यपणे विचारणार, ‘तू’ म्हणजे कोण, आणि कशावरून? विचारण्यात गैर काहीच नाही. पण भावाच्या मरणातून हाती आलेली गोष्ट पुराव्यासाठी पुढे करायची माझी तयारी नव्हती. शिवाय श्रद्धेविषयी चारचौघांत बोलू नये, बोललं की ते प्रदर्शन होतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी वाक्य पुसलं. माझ्यासारख्या आणखी किती जणींनी त्या चौकोनात काही लिहून पुसलं असेल, ते कुणालाच दिसत नाही. चर्चेत दिसतात ती फक्त पाठवलेली उत्तरं.

मग श्रद्धावंत असतात तरी कुठे?

इंटरनेटवर ते नाहीत असं तर मुळीच नाही. सकाळी फोन उघडला की देवांची चित्रं, सुवचनं, स्तोत्रं, प्रवचनांच्या ध्वनिफिती एवढ्या येऊन पडलेल्या असतात की त्यांखाली कामाचा निरोप दबून जातो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१४ मध्ये तिथल्या लोकांना विचारलं होतं, तेव्हा २० टक्के लोकांनी गेल्या आठवड्याभरात आपल्या श्रद्धेविषयी काहीतरी ऑनलाइन टाकल्याचं सांगितलं, आणि ४६ टक्क्यांनी दुसऱ्या कुणी टाकलेलं पाहिलं होतं. जगाचा हिशेब मांडला तरी पारडं तिकडेच झुकतं. ५७ देशांत केलेल्या २०१२ च्या विन-गॅलप पाहणीत ५९ टक्के लोकांनी स्वतःला धार्मिक म्हटलं, २३ टक्क्यांनी धार्मिक नाही म्हटलं, आणि ठाम नास्तिक म्हणवणारे निघाले १३ टक्के. म्हणजे श्रद्धावंत थोडे नाहीत आणि मुकेही नाहीत. ते चर्चेत नाहीत, एवढंच. ते प्रार्थना करतात, गातात, ऐकतात, एकमेकांना पाठवतात, एखाद्याच्या आजारपणात ‘नाव सांगा, आम्ही प्रार्थना करतो’ म्हणतात. यात वाद घालण्याजोगं काही नसतंच. चर्चा हा बोलण्याचा एक विशिष्ट प्रकार आहे, आणि ज्याच्यासाठी धर्म हा प्रश्न आहे तोच तिथे येऊन बसतो. ज्याच्यासाठी तो रोजचा व्यवहार आहे त्याला तिथे करण्यासारखं फारसं काही सापडत नाही.

यातली एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘धर्म’ या विषयावर, म्हणजे सगळ्या धर्मांना एकत्र धरून, श्रद्धावंताला सांगण्यासारखं फार थोडं असतं. मला माझी प्रार्थना ठाऊक आहे. दुसऱ्या धर्मातल्या बाईची प्रार्थना मला आदराने ऐकता येईल, पण तिच्या वतीने बोलता येणार नाही. ‘धर्म माणसाला चांगलं बनवतो का?’ असं कुणी विचारलं की मी अडखळते, कारण असा सगळ्यांचा मिळून एक धर्म मी कधी जगलेलेच नाही. नास्तिकाची ही अडचण नाही. त्याच्याकडे सगळ्या धर्मांना लागू होईल असं एक मत आहे. ‘धर्म’ हा शब्द असा मोघम, सर्वसमावेशक वापरला गेला की त्यावर ठामपणे बोलता येणारा माणूस तोच असतो. शिवाय श्रद्धावंत आपापल्या ठिकाणी वाटले गेलेले असतात, या ग्रंथाचे इथे, त्या पंथाचे तिथे, अमक्या गुरूंचे आणखी कुठे. नास्तिकांना अशी वाटणी करून घ्यायची गरज पडत नाही. वेगवेगळ्या धर्मांतून बाहेर पडलेले सगळे एकाच ठिकाणी भेटू शकतात, आणि ते ठिकाण म्हणजे नेमकी धर्मावरची खुली चर्चा.

त्यात ऑनलाइन बोलण्याचा मूळ स्वभावही भर घालतो. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आहे: ऑनलाइन समूहात ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, आणि बहुतेक मजकूर उरलेल्या एका टक्क्याचा असतो. प्रत्येक ठिकाणी आकडा तंतोतंत तसाच येतो असं नाही, पण कल खरा आहे. म्हणजे आपण ‘चर्चा’ म्हणून जे वाचतो तो मूठभरांचा आवाज असतो, आणि त्या मुठीत कोण येणार हे लोकसंख्येवर ठरत नाही, गरजेवर ठरतं. बोलण्याची गरज कुणाला जास्त आहे?

इथे मला एका माणसाची आठवण होते. त्याला मी फक्त त्याच्या लिहिण्यातून ओळखते. अशाच एका चर्चेत तो होता, कडवा नास्तिक, श्रद्धावंतांची वाक्यं पकडून उलटतपासणी घेणारा. मला त्याचा राग येई. एकदा कुणीतरी त्याला विचारलं, तुला एवढ्या प्रार्थना पाठ कशा? त्याने लिहिलं, की लहानपणी घरात सगळ्यात जास्त पाठांतर त्याचं होतं आणि वडिलांना त्याचा फार अभिमान होता. देव नाही असं त्याला वाटायला लागलं ते तरुणपणी. वडिलांना सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त सर्वांसमोर त्याला प्रार्थना म्हणायला सांगणं त्यांनी बंद केलं. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना दिसायचं बंद झालं होतं आणि शुद्ध येऊन जाऊन होती. रात्री त्यांच्या उशाशी बसून हा ती सगळी प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत असे, कारण त्यांच्या कानांना ती हवी होती. मधला एखादा शब्द चुकला तर वडिलांच्या कपाळावर आठी येई, म्हणून तो ती ओळ पुन्हा म्हणे. आणि एवढं सांगून झाल्यावर पुढच्याच उत्तरात तो पुन्हा कुणाचं तरी वाक्य उलगडून त्यातली तर्कदुष्टता दाखवत होता.

हे वाचल्यावर मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. हेलन रोझ एबॉ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एके काळी कॅथलिक नन होत्या, पुढे त्यांनी ते व्रत सोडलं. एखादी भूमिका सोडून आलेल्या माणसांचा, म्हणजे घटस्फोटितांचा, पेशा सोडलेल्यांचा, संन्यास सोडलेल्यांचा अभ्यास त्यांनी केला आणि तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं निरीक्षण असं, की सोडून आलेला माणूस कधी ती भूमिका न केलेल्या माणसासारखा होत नाही. जुन्या भूमिकेचा अंश त्याच्यात राहतो, आणि तो स्वतःची ओळख जे सोडलं त्याच्या संदर्भातच सांगत राहतो. धर्मचर्चेत बोलणारे कितीतरी नास्तिक असे सोडून आलेले असतात. त्यांना धर्म माहीत असतो तो आतून. प्यूच्याच २०१० च्या एका पाहणीत अमेरिकन लोकांना धर्मांविषयी ३२ प्रश्न विचारले होते. सर्वांची सरासरी १६ बरोबर उत्तरांची आली, आणि नास्तिक व अज्ञेयवाद्यांची २०.९, म्हणजे सगळ्यांत वर. शिक्षणाचा फरक वजा केल्यावरही ते पुढेच राहिले. त्यावरून नास्तिक जास्त हुशार असं अनेकांनी म्हटलं. मला त्या आकड्यात दुसरं काही दिसतं. ज्याला घरातल्या सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन ‘नाही’ म्हणायचं असतं त्याला आधी नीट वाचावं लागतं, कारण त्याला जाब विचारला जाणार असतो. मला माझ्या श्रद्धेचा जाब घरात कुणी कधी विचारला नाही. मला वाचावं लागलं नाही.

आणि वाचून, सोडून झाल्यावर त्या माणसाने जायचं कुठे? श्रद्धा हरवली की फक्त एक मत हरवत नाही. ठरलेल्या दिवशी भेटणारी माणसं जातात, एकत्र गायची गाणी जातात, मूल जन्मल्यावर काय करायचं आणि माणूस मेल्यावर काय करायचं याची तयार उत्तरं जातात. नास्तिकांनी याची भरपाई करायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत यांनी देवाविना ‘मानवतेचा धर्म’ उभारला, त्याला पुरोहित आणि संतांचं कॅलेंडरही दिलं. जानेवारी २०१३ मध्ये लंडनमध्ये दोन विनोदी कलाकारांनी, वापरातून गेलेल्या एका चर्चमध्ये देव न मानणाऱ्यांचा मेळावा सुरू केला. तिथे गाणी होती, व्याख्यान होतं, शांत बसण्याची काही मिनिटं होती. संडे असेंब्ली या नावाने तो पुढे इतर शहरांतही गेला. पण बहुतेकांच्या वाट्याला असं काही येत नाही. श्रद्धा कृतीतून जगता येते. अश्रद्धा जगायला बोलण्याखेरीज दुसरं साधनच फारसं नाही. माझ्याकडे प्रार्थनेची वेळ आहे. त्याच्याकडे त्या वेळी चर्चा आहे.

हे झालं ज्यांना सोडता आलं त्यांचं. ज्यांना उघडपणे सोडताही येत नाही त्यांचं काय, हा विचार केला की ‘नास्तिक जास्त का दिसतात’ हा प्रश्न मला उलटाच विचारावासा वाटतो. बाहेर ते कमी का दिसतात? विल जर्वेस आणि मॅक्सिन नेजल या मानसशास्त्रज्ञांचं २०१८ मधलं एक संशोधन आहे. थेट विचारलं तर लोक खरं सांगणार नाहीत, हे धरून त्यांनी एक युक्ती वापरली. दोन-दोन हजार अमेरिकन लोकांना वाक्यांची यादी दिली, अगदी साधी वाक्यं, आणि कोणती ते न सांगता फक्त संख्या सांगा म्हटलं. एका गटाच्या यादीत देवावरच्या विश्वासाचं एक वाक्य जास्तीचं होतं. दोन गटांच्या सरासरीत जो फरक पडतो त्यावरून, कुणालाही एकट्याने काही कबूल करावं न लागता, प्रमाण काढता येतं. तिथे थेट विचारणाऱ्या पाहण्यांत देव न मानणारे ३ ते ११ टक्के निघत असत. या पद्धतीने अंदाज निघाला २६ टक्क्यांच्या आसपास. हा अंदाज बराच वर-खाली होऊ शकतो, संशोधकांनी तसं स्पष्ट म्हटलं आहे, तरी दोन्हींमधली दरी दुर्लक्ष करण्याजोगी नाही. ती दरी म्हणजे माणसं आहेत, घरात डोळे मिटून सगळ्यांबरोबर बसणारी आणि मनात वेगळंच असलेली.

अशा माणसांत झां मेलिए हे नाव मला विसरता येत नाही. फ्रान्समधल्या एत्रेपिन्यी नावाच्या खेड्याचा हा पाद्री. चाळीस वर्षं त्याने प्रार्थना चालवल्या, बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, माती दिली. १७२९ मध्ये तो वारला, आणि त्याच्यामागे स्वहस्ते लिहिलेल्या शेकडो पानांच्या प्रती सापडल्या. त्यात त्याने देव नाही हे मुद्देसूद मांडलं होतं, आणि ज्यावर आपला विश्वास नव्हता ते शिकवत राहिल्याबद्दल गावकऱ्यांची क्षमा मागितली होती. एकच मजकूर हाताने पुन्हा पुन्हा उतरवायचा, एक प्रत गहाळ झाली तर दुसरी राहावी म्हणून, आणि सकाळी उठून वेदीपुढे उभं राहायचं. फ्रेंच लेखक व्होल्तेअरने १७६२ मध्ये त्यातला काही भाग छापला, तोही असा कापून की मेलिए नास्तिक न वाटता देव मानणारा वाटावा. मेल्यावरसुद्धा त्याला स्वतःच्या शब्दांत बोलू दिलं गेलं नाही. आपल्या चार्वाकांचं तरी काय झालं? त्यांचं म्हणणं आपल्याला माहीत आहे ते बहुतेक त्यांचं खंडन करणाऱ्यांमुळे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलंच प्रकरण चार्वाकांचं आहे, आणि ते चार्वाकांनी लिहिलेलं नाही. शतकानुशतकं नास्तिकाची बाजू आस्तिकाने सांगितली. आता त्या बाईंनी आस्तिकांना विचारलेल्या प्रश्नाला नास्तिक उत्तरं देत होते. इतिहासाकडे पाहिलं की ही उलटापालट मला तेवढी खुपत नाही.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. ‘मुक्तमना’ हे बंगाली विवेकवादी व्यासपीठ उभारणारे अभिजित रॉय यांना २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ढाक्यात, पुस्तकमेळ्यातून बाहेर पडल्यावर भर रस्त्यात ठार केलं गेलं. त्यांच्या पत्नीही त्या हल्ल्यात गंभीर जखमी झाल्या. त्याच वर्षी जानेवारीत सौदी अरेबियात रईफ बदावी यांना चौकात उभं करून पन्नास फटके मारले गेले. दहा वर्षं कैद आणि हजार फटके अशी त्यांची शिक्षा होती. ऑनलाइन लिहिल्याची. धर्म सोडल्याबद्दल मृत्युदंडाची तरतूद असलेले देश आजही आहेत. तिथला एखादा मुलगा टोपणनावाने येऊन अनोळखी लोकांत ‘मी मानत नाही’ असं लिहितो तेव्हा तो चर्चेत आगाऊपणा करत नसतो. ती एवढी एकच जागा त्याच्याजवळ असते. नास्तिकांचा ऑनलाइन गलबला वाढला म्हणून कुरकुरणाऱ्या माझ्या श्रद्धावंत मैत्रिणींना मी हे सांगते, तेव्हा त्या गप्प होतात. पटलं म्हणून की वाईट वाटलं म्हणून, ते मला कळत नाही.

तरी माझी एक तक्रार उरतेच, आणि ती मी गिळणार नाही. एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जर्मन अभ्यासिकेने १९७४ मध्ये मांडलं होतं, की आपलं मत अल्पमतात आहे असं माणसाला वाटलं की तो गप्प होतो, त्याच्या गप्प राहण्याने ते मत आणखी अल्पमतात दिसतं, आणि मग आणखी माणसं गप्प होतात. बाहेरच्या जगात नास्तिकांच्या बाबतीत असं घडतं. धर्मचर्चेच्या आत मात्र तेच चाक उलटं फिरतं. श्रद्धावंताचं एक वाक्य येतं, त्याच्यावर अनेक जण तुटून पडतात, तो जातो, आणि पुढचा श्रद्धावंत आधी वातावरण पाहतो. काही नास्तिकांना यात विजय वाटतो. त्यांच्यापैकी एकाने ‘उत्तर नसतं म्हणून पळतात’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. ते खरं नाही. जे अनुभवातून कळलं त्याला वादात सादर करण्याचा रिवाज नसतो, आणि उलटतपासणीसाठी उभं राहणं हे प्रामाणिक असण्याचं एकमेव लक्षण नव्हे.

पण जास्त मोठं नुकसान माझ्या बाजूच्या लोकांनी केलं आहे असं मला वाटतं. शंका आली की ती आपण लपवतो. खरं तर श्रद्धेच्या आत शंकेला केवढी जागा आहे! देवाशी उभा दावा मांडणारे संत आपल्याच भाषेत होऊन गेले. बायबलमधला ईयोब राखेत बसून देवाला जाब विचारतो, आणि त्याला समजावायला आलेल्या शहाण्या मित्रांवरच देव शेवटी रागावतो. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं, की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची जाणीव होत नव्हती. आत अंधार, आणि बाहेर रोजचं काम चालू. ती पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. का, ते मी समजू शकते. पण ती नष्ट झाली नाहीत म्हणून कितीतरी कोरड्या पडलेल्या माणसांना आपण एकटे नाही एवढं तरी कळलं. आपण शंका घरात लपवून ठेवली की शंका आलेल्या माणसाला भेटतात ते फक्त शंकेच्या पलीकडे निघून गेलेले लोक. ते त्याला आपला रस्ता दाखवतात, कारण त्यांना तोच माहीत आहे. शंकेसकट राहिलेल्यांचाही एक रस्ता आहे, आणि तो सांगायला तिथे कुणी नसतं.

जिथे अश्रद्धा नेहमीची झाली तिथे हा वादच विझतो. चेक प्रजासत्ताकाच्या २०२१ च्या जनगणनेत जवळजवळ ४८ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नाही असं नोंदवलं, आणि आणखी ३० टक्क्यांनी तो रकाना कोराच ठेवला. तिथल्या बहुतेकांना देव आहे की नाही यावर भांडायचं नसतं. त्यांना तो विषयच नसतो, असं तिथले अभ्यासक सांगतात. म्हणजे तावातावाने वाद घालणारा नास्तिक धर्मापासून दूर गेलेल्या समाजात कमी सापडतो. तो सापडतो जिथे धर्म अजून त्याच्या घरात, लग्नात, नोकरीत, आईच्या डोळ्यांत आहे तिथे. यावरून माझ्या ओळखीचे काही श्रद्धावंत लगेच म्हणतात, ‘बघा, म्हणजे हे लोक मनातून आस्तिकच आहेत, देवावर रुसलेत एवढंच.’ मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. उशाशी बसून प्रार्थना म्हणणाऱ्या त्या माणसाने ती वडिलांसाठी म्हटली, देवासाठी नव्हे, आणि ते त्याने स्वच्छ सांगितलं आहे. त्याच्या ‘नाही’चा अर्थ ‘नाही’ असाच घ्यायला हवा. त्याने माझ्या ‘हो’ला भीती किंवा सवय म्हणून निकालात काढू नये असं मला वाटतं, तर मी तरी त्याच्या नकाराच्या आत माझा देव कसा बसवू?

अलीकडे एका चर्चेत मी लिहिलं. उत्तर न मिळणाऱ्या प्रार्थनेवर बोलणं चाललं होतं, आणि मी भावाचं, त्या कोरड्या काळाचं आणि नंतरच्या हजेरीचं लिहिलं. कुणी तुटून पडलं नाही. एका नास्तिकाने एवढंच विचारलं: ‘त्या काळात तुम्ही प्रार्थना सोडली का नाहीत? वाद म्हणून विचारत नाही. मी नेमकी तिथेच सोडली होती.’ मी बराच विचार केला. सवय होती म्हणून, सोडली तर भाऊ आणखी दूर जाईल अशी भीती होती म्हणून, आणि आईने शिकवलेले शब्द टाकवत नव्हते म्हणून. ही तिन्ही कारणं खरी आहेत. मी ती तशीच त्याला लिहिली. त्याचं उत्तर आलं, की ही तिन्ही त्याच्याकडेही होती.